देशकर काकूंची मोकळी जागा

अन्याय झाला तो मालती देशकर यांच्यावर. गेल्या वर्षी, पाच जूनला, पर्यावरण दिनी, सकाळी साडेदहाला. त्याच वेळी वरून उपग्रह जबलपूर ओलांडत होता आणि खाली बँड वाजत होता. अन्याय करणाऱ्यांच्या हातात शाल होती, नारळ होता, करंजाची रोपं होती. म्हणून कोणी त्याला अन्याय म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात काकू हसताना दिसतात. त्या हसत नव्हत्या. उन्हाने डोळे बारीक झाले होते.

मी पत्रकं लिहिते. पत्रकात आरोप आधी येतो आणि माणूस नंतर, आलाच तर. इथे आरोप करून झाला. आता माणूस.

देशकर काकू चेरीतालला आमच्याच गल्लीत राहायच्या. त्यांचं माहेर-सासर दोन्ही विदर्भातलं, पण लग्नानंतरचं सगळं आयुष्य जबलपुरात. एका कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या. कॉलेजात त्या मॅडम, गल्लीतल्या हिंदी घरांना दीदी, आणि आम्हा चार-दोन मराठी घरांना काकू. गल्लीला त्यांची ओळख होती ती मात्र काळ्या साडीमुळे. आपल्याकडे बाई काळी साडी नेसते ती संक्रांतीला. काकू बारा महिने, मे महिन्याच्या उन्हातही, काळ्या सुती साडीत घराबाहेर पडायच्या. माझी आजी खिडकीतून बघून म्हणायची, "निघाली. हिची रोजच संक्रांत."

एकदा हळदीकुंकवाला कोणीतरी तोंडावर विचारलं, "काकू, काळं काहून नेसता हो नेहमी? बरं नाही दिसत."

काकू म्हणाल्या, "पांढरं नेसलं तर साडीचा उजेड माझ्या यंत्रात जाते. मग यंत्र आकाश मोजते का मला मोजते, काय समजणार?"

बायकांना काही कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं. सांगते.

विजय नगरच्या पलीकडे त्या कॉलेजची मागची जमीन आहे. तिथे टेकडीखाली मुरमाची एक सपाट जागा होती, खेळाच्या मैदानाएवढी. पावसाळ्यात कुसळी गवत उगवायचं, हिवाळ्यात वाळायचं, उन्हाळ्यात मुरूम उघडा पडायचा. त्यापलीकडे काही नाही. बाक नाही, भिंत नाही, झाड नाही. काकू तरुण असताना एका प्रकल्पातून कॉलेजला दोन उपकरणं मिळाली होती. एक सूर्याकडे रोखून धरायचं डबड्यासारखं. सूर्याचा उजेड हवेतून खाली येताना धूळ आणि धूर त्यातला किती खातात, हे ते सांगायचं. दुसरं जमिनीवर रोखायचं, ती किती तापली ते बघायला. उपग्रह वरून हेच बघतो. पण त्याने बघितलेलं खरं की खोटं, हे त्याच घटकेला कोणीतरी खाली उभं राहून सांगावं लागतं. काकू ते सांगायच्या. सकाळी एक उपग्रह जायचा, दुपारी दुसरा. दोन्ही वेळा काकू त्या जागेच्या मधोमध. छत्री हातात, पण मिटलेली, कारण उघडली तर सावली पडते. आकडे त्याच दिवशी उपग्रहाचं काम बघणाऱ्या शास्त्रज्ञांना पाठवायच्या. त्या शास्त्रज्ञांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. प्रकल्प केव्हाच बंद पडला. पैसे थांबले. पुढे काकू निवृत्त झाल्या. मोजणं थांबलं नाही.

मोजणं सोपं होतं, असं त्याच म्हणायच्या. अवघड होतं ते जागा सांभाळणं. तिथे काहीच होऊ द्यायचं नव्हतं. पाणी घालायचं नाही, गवत कापायचं नाही, पाला जाळायचा नाही, गाडी लावायची नाही, मंडप टाकायचा नाही. मोकळी जागा दिसली की आपल्या लोकांचे हात शिवशिवतात. कोणाला तिथे स्कूटर स्टँड हवा होता, कोणाला लग्नाचा लॉन. काकू प्रत्येकाला भेटून, चहा पाजून, समजावून परत पाठवायच्या.

शेजारी एका यादव भैयांचा म्हशींचा गोठा होता. त्यांच्या म्हशी सरळ त्या जागेत येऊन बसायच्या. म्हैस बसली की जमीन ओली, शेणाने काळी, आणि आकडा गेला. काकूंनी आधी विनंती केली. मग एक दिवस म्हणाल्या, "भैया, आपकी भैंस सैटेलाइट में दिख रही है."

यादव भैया घाबरले. त्यांना वाटलं गोठ्यावर नोटीस येणार. दोन दिवस म्हशी बांधून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी डोकं खाजवत आले. "दीदी, जब दिखती ही है, तो ज़रा पूछ के बताओ, भूरी वाली गाभिन है कि नहीं?"

काकू इतक्या हसल्या की त्या दुपारचा उपग्रह चुकता चुकता राहिला. पुढे यादव भैयाच त्या जागेचे राखणदार झाले. करोना आला, सगळ्यांच्या कपाळावर ती बंदूक रोखून ताप बघायला लागले, तेव्हा जमिनीवर तसंच काहीतरी रोखणाऱ्या काकूंना ते रोज विचारायचे, "क्यों दीदी, बुखार उतरा धरती का?"

"नहीं भैया."

"दवाई दो."

"दवाई तो आप के मेरे पास नहीं है. मैं तो बस देख के बताती हूँ."

माझी आणि काकूंची खरी ओळख झाली ती भांडणातून. आमच्या पर्यावरणवाल्या गटाने उन्हाळ्यात एक पत्रक काढायचं ठरवलं. मथळा ठरला होता, 'जबलपूर जळतंय'. मला एक दणदणीत आकडा हवा होता. काकूंकडे आकडेच आकडे. मी गेले आणि म्हटलं, या महिन्यातला सगळ्यात वाईट दिवस सांगा.

"काहून?"

"छापायचा आहे."

"आणि जानेवारीत कोणी सगळ्यात थंड दिवस छापला तर? त्याला काय सांगशील, नेताबाई?"

नेताबाई हे नाव तेव्हापासून पडलं. मी चिडले. म्हटलं, काकू, लोक मरून राहिले उन्हाने आणि तुम्ही हिशेब घालून राहिल्या. काकूंनी मला बसवलं. पोह्यांची ताटली पुढे ठेवली. मग दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं. चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या खुणा होत्या, एकावर एक. त्यांच्या मुलीची उंची, लहानपणापासूनची. मुलगी आता परदेशात असते.

"पोर किती वाढलं, हे कसं समजते? दर वाढदिवसाला चौकटीला उभं करतो. कधी मी खूण केली, कधी यांनी, कधी सासूबाईंनी. मोजणारा बदलला तरी चालते. पेन्सिल बदलली तरी चालते. पण चौकट उचलून दुसरीकडे लावली तर?"

"तर काहीच कळणार नाही."

"हाव. उपग्रहाचं तेच आहे. एक म्हातारा होते, त्याचा डोळा अंधारते, दुसरा वर जाते. नव्याने सांगितलं की जमीन जास्त तापली, तर खरंच तापली की याचा डोळा वेगळा आहे? हे सांगायला खाली एक जागा पाहिजे जी बदलली नाही. अशा जागा जगात ठिकठिकाणी आहेत. आपली त्यातली एक. लहानशी. जमीन बदलली नाही, म्हणून हवा बदलली हे छातीठोक सांगता येते. एका दिवसाच्या आकड्याने तू घाबरवशील फक्त."

मग माझं पत्रक त्यांनी हातात घेतलं. 'महाविनाश' खोडलं. 'शतकातला भीषण' खोडलं. उद्गारचिन्हं एकेक करून खोडली. माझं मराठी घरातलं, बाहेर सगळी हिंदी, त्यामुळे व्याकरणही बरंच दुरुस्त केलं. शेवटी पत्रकात उरलं ते एवढंच, की उन्हाळा लांबत चालला आहे, रात्री थंड होत नाहीत, आणि आम्हाला हे माहीत आहे कारण कोणीतरी बघत होतं. मला ते फिकं वाटलं. रस्त्यावर वाटायला घेतलं तेव्हा पहिल्यांदाच लोकांनी ते फेकून न देता घडी करून खिशात ठेवलं. मी काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "पुडी बांधायला घेतलं असेल."

लॉकडाऊनमधली एक गोष्ट त्या स्वतःच सांगायच्या. सगळं बंद, काकू मात्र काळ्या साडीत निघालेल्या, पिशवीत ते डबडं. चौकात हवालदाराने अडवलं.

"कहाँ चलीं अम्मा?"

"सूरज देखने."

हवालदाराने क्षणभर विचार केला. "अच्छा, अर्घ्य देना है? जाइए जाइए. मास्क लगा लीजिए."

रोज त्याच माणसाने सोडलं. एक दिवस तर हात जोडून म्हणाला, अम्मा, हमारी तरफ से भी चढ़ा देना. काकूंनी खरंच त्याच्या नावाने एक वाचन जास्तीचं घेतलं.

पण त्याच दिवसांतली दुसरी गोष्ट त्या हसत सांगायच्या नाहीत. गाड्या बंद, भट्ट्या बंद, बांधकामं बंद. पाऊस पडून गेला होता. आकाश निळं झालं, जसं आमच्या पिढीने पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी मी त्यांच्यासोबत गेले होते. काकूंनी डबडं सूर्याकडे धरलं, आकडा बघितला, काच पुसून डबडं परत धरलं. पुन्हा धरलं. मग ते खाली ठेवून मुरमावर बसल्या. मी विचारलं, यंत्र बिघडलं का?

"नाही बापा. चांगलं आहे." मग म्हणाल्या, "मी आली तेव्हा असं असायचं. मला वाटलं होतं, मी म्हातारपणी वाढवून आठवून राहिली."

त्या रडत होत्या. मला तेव्हा कळलं की या बाईला आकडे कोरडे वाटत नाहीत. आम्ही घोषणा देऊन मोकळे होतो. त्या रोज जाऊन बघायच्या की आजारी माणूस आज कसा आहे, आणि घरी येऊन खरं ते सांगायच्या. आमच्यापैकी किती जणांना हे जमलं असतं?

आता पाच जून.

कॉलेजचे नवे प्राचार्य काकूंचेच विद्यार्थी. माणूस वाईट नाही, हे मला लिहावं लागतं आणि लिहिताना दात करकरतात. काकूंच्या चेरीतालच्या गच्चीवर कुंड्याच कुंड्या होत्या. दर वर्षी निरोपाच्या दिवशी त्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक रोप द्यायच्या. प्राचार्यांनाही मिळालेलं, कढीपत्त्याचं. ते झाड त्यांच्या अंगणात अजून आहे, ते प्रत्येक भाषणात सांगतात. म्हणून मॅडमचा सत्कार करायचा तर कसा, हे ठरवायला त्यांना एक मिनिटही लागलं नाही. मॅडमला झाडं आवडतात. मॅडमची ती मागची उजाड जागा. तिथे बाग करू. मॅडमच्या नावाने.

जागा बदलायची नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं? होतं. काकूंनी दोनदा कार्यालयात बसून सांगितलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "मॅडम, अब तो सब सैटेलाइट से मोबाइल पे आ जाता है. आप कब तक धूप में खड़ी रहेंगी?" यात माया होती. मायेतला बहिरेपणा होता.

काकूंना फक्त एवढंच सांगितलं होतं की पर्यावरण दिनाचा कार्यक्रम आहे, तुम्ही प्रमुख पाहुण्यांसोबत बसायचं. काकू म्हणाल्या, साडेदहाचं वाचन घेऊन येते. त्या काळ्या साडीतच आल्या, पिशवी खांद्यावर. मी फाटकाशी पत्रकं वाटत उभी होते. आम्ही दोघी मागच्या बाजूला गेलो.

आदल्या दिवशी जेसीबी येऊन गेला होता. अर्धी जागा उकरलेली. काळी माती आणून पसरलेली. एका बाजूने गालिच्यासारख्या गुंडाळ्या उलगडत लॉन अंथरत होते, टँकर पाणी मारत होता. मंडप, खुर्च्या, बँड. कमानीवर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं: मालती देशकर ऑक्सिजन वाटिका. मधला एक तुकडा तेवढा शिल्लक होता, मंचासमोरचा, रोपं लावायला राखलेला.

यादव भैया कुंपणाशी उभे होते. आमच्याकडे बघून म्हणाले, "दीदी, हमने रोका था. बोले आप ही का काम है. आप का नाम लिखा था. हम क्या करते?"

काकूंनी घड्याळ बघितलं. त्या तुकड्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि जमिनीवर रोखायचं यंत्र बाहेर काढलं. बँड वाजायला लागला, कारण पाहुण्यांची गाडी आत शिरत होती. प्राचार्य धावत आले.

"मॅडम, चलिए, मंच पर."

"दहा मिनिटं थांब रे. जाऊन राहिला तो आता वरून." काकू घाईत मराठीतच बोलल्या. मग हिंदीत, "बेटा, बस दस मिनट. पानी बंद करवा दो दस मिनट."

"मॅडम प्लीज़. सब देख रहे हैं."

माझ्या घशात घोषणा आली होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकूंनी मागे न बघताच हात वर केला, वर्गात गोंगाट थांबवायला करतात तसा. मी गप्प बसले. टँकरचा पाइप फिरला आणि त्या तुकड्यावर पाणी आलं. काकूंच्या चपला भिजल्या. त्यांनी यंत्र खाली केलं, झाकण लावलं, पिशवीत ठेवलं. एवढ्या वर्षांत त्या यंत्राचं झाकण वाचनाआधी लावलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग त्यांना मंचावर नेलं. शाल घातली, काळ्या साडीवर सोनेरी काठाची. नारळ दिला. पाहुणे म्हणाले की ज्यांनी आयुष्यभर ओसाड जमीन सांभाळली त्यांना आज हिरवळ मिळते आहे. टाळ्या. पहिलं रोप काकूंच्या हातात दिलं, करंजाचं. मला वाटलं, आता तरी फेकतील. काकूंनी ते लावलं. नीट लावलं, वाकून, माती दाबून, आळं करून. परतताना रिक्षात मी विचारलं, काहून लावलं?

"झाडाने काय केलं गं?"

मग चेरीतालच्या वळणावर म्हणाल्या, "जुना उपग्रह आता बंद पडणार. नवा वर गेला आहे. दोघं एकदम वर आहेत असे हेच दिवस होते. हे लोक थोडे दिवस थांबले असते, तर एकाच जमिनीवर दोघांचे आकडे मी एकमेकांशी जोडून दिले असते." आणि मग, अगदी तक्रारीशिवाय, "चौकटच उचलली त्यांनी."

कॉलेजच्या यंदाच्या माहितीपत्रकात उपग्रहाचं एक चित्र छापलं आहे. आमच्या परिसराचं तापमान घटलं, असं खाली लिहिलं आहे. चित्र खोटं नाही. पाणी मारलेलं लॉन थंड असतंच. धरती थंड झाली नाही, फक्त तिथून तिचा ताप दिसेनासा झाला.

त्यानंतर काकूंनी काळी साडी नेसणं सोडलं. गल्लीला हायसं वाटलं. मला त्यांना रंगीत साडीत बघवायचं नाही. मग पाऊस सरल्यावर एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. काळ्या साडीत होत्या. "चल नेताबाई, कुंडमला जाऊ."

आम्ही बसने गेलो. कुंडमच्या पुढे जंगलाच्या कडेला एका गावात त्यांची एक जुनी विद्यार्थिनी शाळेत शिकवते. तिने शाळेमागची जागा दाखवली. मुरूम, उघडा खडक, काठाला सालाची झाडं. काकू चहूबाजूंनी फिरल्या. कुठून सावली येईल, पाणी कुठून वाहील, गुरं कुठून जातात, सगळं विचारलं. मग मधोमध उभ्या राहिल्या.

"चांगली आहे," म्हणाल्या. "पण हिला आजपासून मोजायला घेतलं, तर ही काही बोलायला लागेपर्यंत मी असणार नाही."

"मी असेन," मी म्हटलं. मोर्च्यात म्हणतो तसं म्हटलं, पटकन.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या अंगात पिवळा कुर्ता होता. "ह्या कपड्यांत?"

शेवटचं मला आठवतं ते असं. दुपारचा उपग्रह येणार होता. शाळेच्या मुली कुंपणावर चढून बघत होत्या. एकीने मला विचारलं, "दीदी, वो अम्मा क्या कर रही हैं?" काकू त्या खडकाळ जागेच्या मध्यावर, पाय रोवून, काळा पदर खोचलेला, मिटलेली छत्री काखेत, दोन्ही हातांनी यंत्र सूर्याकडे धरलेलं. जणू वर कोणाला तरी, खाली इकडे बघ, असं म्हणत होत्या. आकडा घेतल्यावर त्यांनी तो मला वाचायला लावला, मग दुसरं वाचन मलाच घ्यायला लावलं. माझा कुर्ता झाकायला स्वतःच्या पिशवीतली जुनी काळी शाल माझ्या खांद्यावर टाकली. ती सत्काराची नव्हती.

थंडीत काकू गेल्या. झोपेत, त्रास न होता, असं सगळे म्हणतात. मी 'त्रास न होता' म्हणणार नाही.

वाटिकेतली करंजं पाऊस यायच्या आतच उन्हाने वाळली, पाच जूनला रोपं लावली तर वाळणारच. फक्त काकूंनी लावलेलं जगलं आहे. यादव भैया त्याला पाणी घालतात.

आता तुम्ही. वाचून हळहळून पान उलटू नका, हळहळीचं मला काही करता येत नाही. तुमच्या गावात जिथे कोणी रोज उभं राहून आकाश किंवा माती मोजतं, ती जागा शोधा. तिथे उद्या कोणी रोपं, कारंजं, नावाची पाटी घेऊन आलं तर आडवे या. आणि जबलपुरात असाल तर कुंडमला या. शनिवार-रविवार मी जाते. बाकीचे दिवस ती जागा रिकामी राहते, वरून उपग्रह जातो आणि खाली कोणी नसतं. ते दिवस तुमचे आहेत. एक दिवस निवडा. यंत्र शाळेत ठेवलं आहे. छत्री आणली तर मिटून ठेवा. काळे कपडे घालून या.